आवतण, बोलावणं आणि तीन प्रभाग

आमच्या वस्तीचे तीन तुकडे झाले ही बातमी मला ब्लाऊजच्या ग्रुपवर कळली.

ग्रुपचं नाव 'ब्लाऊज तयार आहे'. मी शिवणकाम करते, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईचा शब्द किती खरा असतो हे साऱ्या जगाला माहीत आहे. 'उद्या या' म्हटलं की बायका खरंच उद्या यायच्या आणि माझ्या दारात भांडणं व्हायची. म्हणून मी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. ज्यांचं शिवून झालं त्यांची नावं टाकायची, बाकीच्यांनी धीर धरायचा. वस्तीतलं एकही घर या ग्रुपबाहेर राहिलं नाही. बाई कितीही गरीब असो की श्रीमंत, ब्लाऊज तर लागतोच. हळूहळू तिथे हरवलेल्या शेळ्या, लग्नाच्या पत्रिका, कुणाची सून नांदायला आली नि कुणाची गेली, सगळंच यायला लागलं. मला राग यायचा, पण ग्रुप बंद करायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी खालच्या गल्लीतल्या एका बाईनं नगरपालिकेच्या नव्या प्रभागांचा नकाशा टाकला आणि खाली लिहिलं, 'आपुन कोन्या प्रभागात हाओ वं?'

मशीन थांबवून मी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. लाल रेघ बाजारातून निघून मारोतीच्या देवळापर्यंत नीट आली होती. तिथून ती आमच्या गल्लीत घुसली, रस्त्याच्या मधोमध चढ चढून वर गेली आणि टेकाडावर पोचल्यावर अशी काही वळली की वरची घरांची ओळ तिसरीकडेच पडली. माझं घर एका प्रभागात, समोरच्या मावशीचं दुसऱ्यात आणि वर राहणाऱ्या गुरुजींचं तिसऱ्यात. मी जन्मभर कापड बेतत आले आहे. नीट बेतलेलं कापड कोणतं आणि कुणाच्या तरी मापाला बसवायला ओढूनताणून कापलेलं कोणतं, हे मला लांबून ओळखता येतं. हे दुसऱ्या जातीचं होतं.

माप कुणाचं, तेही सांगते. आमच्या भागात वर्षानुवर्षं निवडून येणारे एक गृहस्थ आहेत. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं. मागच्या निवडणुकीत आमच्या टेकाडानं एकगठ्ठा मतं देऊन भाऊंना पाडलं आणि वस्तीतलाच एक माणूस पालिकेत पाठवला. कारण एकच होतं, पाणी. टेकाड उंचावर, टाकी खाली, त्यामुळे नळाचं पाणी आमच्यापर्यंत चढतच नव्हतं. आमच्या माणसानं खटपट करून मोठा पाइप मारोतीच्या देवळापर्यंत आणला. तेवढ्यात मुदत संपली, पुढे निवडणुकाच झाल्या नाहीत, पालिकेवर प्रशासक बसला आणि पाइप देवळापाशी हात जोडून उभा राहिला तो राहिलाच. आता टेकाडाचे तीन तुकडे केले की एका तुकड्यावर कुणी निवडून येणार नाही, आणि पाइपचं नाव काढायला कुणी उरणार नाही. रेघ भाऊंनी मारली असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण नकाशा बघून अख्ख्या गावात ज्यांच्या चेहऱ्यावर तेज चढलं ते भाऊ एकटेच होते.

संध्याकाळी मावशी रस्ता ओलांडून आली. तिचं नाल्याकाठी थोडं वावर आहे. तिथं मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावते आणि आमच्या नांदुऱ्याच्या बाजारात बसते. नवरा गेल्यापासून घरात एकटी. मी लग्न होऊन या टेकाडावर आले तेव्हा मला चूलसुद्धा धड पेटवता येत नव्हती. सासूच्या तोंडाला घाबरून मी मागच्या दारानं मावशीकडे जायचे. इथं पहिलं मत द्यायला मी गेले तेही तिचा हात धरून. त्यानंतर प्रत्येक मतदानाला आम्ही दोघी सोबत. शाई लावलेली बोटं एकमेकींना दाखवायची आणि येताना वाटेत गरम भजी खायची, हा आमचा नेम.

"तू इकडं आन मी तिकडं?" ती म्हणाली. "काऊन वं? मधात काय नदी वाह्यते?"

"आता वाहते म्हणे, कागदावर."

ती हसली नाही. गुडघे धरून ओट्यावर बसली. नाल्याच्या काठची हापशी हेच आमचं पाणी, आणि हापशीपासून टेकाडापर्यंतचा चढ हंडा डोक्यावर घेऊन चढायचा. मावशीचे गुडघे केव्हाच गेले होते. वस्तीतलं कुणी ना कुणी तिचा हंडा वर आणून द्यायचं, पण दुसऱ्याच्या जिवावर पाणी पिणं तिला रुचत नव्हतं.

"पोरगा नाशिकले बोलावते," ती म्हणाली. "यंदा पानी वर नाई चढलं त मी चालली जाईन. पेटी भरून ठेवली हाय."

मावशीशिवाय गल्ली ही कल्पनाच मला करता येत नव्हती. त्या क्षणी मी ठरवलं की या रेघेशी भांडायचं. पाणी सगळ्यांनाच हवं होतं, मलाही हवं होतं. तरी खरं सांगायचं तर मी भांडले ते ती पेटी रिकामी व्हावी म्हणून.

नकाशा कच्चा होता. त्यावर हरकती घेता येत होत्या, आणि हरकती ऐकायला घाटावरून, जिल्ह्याच्या गावाहून, साहेब येणार होते. टेकाडावरच्या निवृत्त गुरुजींनी हरकत लिहून काढली. ब्लाऊजच्या ग्रुपवर फक्त बायका, म्हणून मी 'आपली वस्ती' नावाचा नवा ग्रुप काढला आणि त्यात पुरुषही घेतले. माझी धाकटी नणंद लग्नानंतर पुण्यात असते, जन्म मात्र या टेकाडावरचा, म्हणून तिनंही हट्टानं आत शिरून घेतलं. तिचं मत पुण्यात, पाणी पुण्यात, आणि सूचना मात्र रोज सकाळी इथे. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

"वहिनी, ग्रुपवर असं गावठी नको लिहू," तिनं मला फोन करून सांगितलं. "अधिकारी वाचतील. शुद्ध लिही."

मग तिनंच सूचना लिहून दिली. 'प्रभाग रचनेवरील हरकतींच्या सुनावणीस वस्तीतील सर्व रहिवाशांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.' खाली वार आणि वेळ. मी ती चांगली आठवडाभर आधी टाकली. बघता बघता अंगठे आले, गुलाबाची फुलं आली, 'हाव', 'येतोच', 'सारेच येऊ' असे निरोप आले. मला वाटलं, झालं काम. पालिकेची पायरी झिजेल इतकी माणसं येणार.

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात आमच्या वस्तीची दोनच माणसं होती, गुरुजी आणि मी. मागच्या बाकांवर भाऊंची मंडळी ऐसपैस बसली होती. ती आमच्याकडे बघून हसत नव्हती, एकमेकांकडे बघून हसत होती. त्यानं तर माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

साहेबांनी कागदावरून मान वर केली. "वस्तीचे लोक येणार होते ना?"

"येताहेत," मी म्हणाले. छातीठोकपणे म्हणाले.

साहेब माणूस बरा होता. इतर प्रभागांच्या हरकती आधी घेतो, तुमची शेवटी घेऊ, असं म्हणाला. गुरुजींना तिथंच बसवून मी ऑटो केला आणि घराकडे निघाले. सगळ्यांना काय काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होते. त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं नाही.

गल्लीत शिरले आणि तोंडातले शब्द तोंडातच राहिले. सगळी वस्ती नटूनथटून ओट्यांवर बसली होती. पुरुषांच्या अंगात इस्त्रीचे शर्ट. बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या ब्लाऊजांची शिलाई माझी होती. मावशी लग्नाकार्याचं हिरवं पातळ नेसून पायात चपला घालून तयार. पानतंबाखू चालली होती. कुणालाही घाई नव्हती.

"इथं काय करता?" मी ओरडले. "तिकडं साहेब येऊन बसला!"

"वाट पाहून राह्यलो," मावशी म्हणाली.

"कुणाची?"

"बोलावन्याची."

"अहो, आठवडाभर आधी ग्रुपवर टाकलं होतं की!"

"थे आवतन झालं," ती मलाच समजावायला लागली. "बोलावनं कुठी आलं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे जेवणाचं असंच असतं. कार्याच्या आधी घरोघर आवतण जातं, लोक 'हो' म्हणतात. पण त्या 'हो'वर कुणी उठून जात नाही. स्वयंपाक झाला, पानं मांडली, की त्या घरचं माणूस पुन्हा दारोदार फिरतं आणि 'चला जेवायला' म्हणतं. ते बोलावणं. तोपर्यंत माणूस आंघोळ करून, कपडे घालून, पोटात कावळे ओरडत असले तरी घरातच बसून राहतो. बोलावण्याआधी जाणारा तो हावरट. मी स्वतः कित्येक लग्नांत अशी ताटकळत बसले आहे. आणि हातात मोबाईल आला की इतकं साधं विसरले! आठवडाभर आधीच्या निरोपावर अख्खी वस्ती चालत येईल, असं मला वाटलं होतं.

राग कुठल्या कुठे गेला. मी रस्त्याच्या मधोमध, त्या लाल रेघेवरच उभी राहून हसायला लागले. मग फोन काढला, ग्रुप उघडला, आणि नणंदेच्या शुद्धलेखनाला मनातल्या मनात नमस्कार करून आवाज भरला.

"अवं चाला चाला, पानं मांडले! साहेब येऊन बसला, तुमचीच वाट पाहून राह्यला. उठा बरं!"

ओट्यांवरची माणसं तर उठलीच, वरच्या ओळीतले दरवाजेही लागायला लागले. कड्या घातल्याचे आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होते. ऑटो, दुचाक्या, पायी, जो तो जमेल तसा निघाला. पुण्याहून लगेच निरोप आला, 'वहिनी, काय हे बोलणं!' मी बघितलाही नाही.

सभागृहात बसायला जागा उरली नाही. भाऊंची मंडळी हळूहळू बाकांच्या कडेला सरकत गेली. गुरुजी नियमाप्रमाणे बोलले. मग साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का? मावशी उभी राहिली.

"साहेब, मी हिच्या घरी मीठ मागाले गेली, त दुसऱ्या प्रभागात गेली म्हनाचं का?"

हशा झाला, साहेबही हसला. लिहून घेतलं. पण पक्का नकाशा आला तेव्हा रेघ जिथल्या तिथे होती. उत्तर असं होतं की रस्ता ही प्रभागाची सीमा धरता येते. आमचा रस्ता कसा आहे? त्यावर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला पार देवळापर्यंत मागे जावं लागतं. तो म्हणे सीमा!

त्या दिवशी ओट्यांवर कुणी बसलं नाही. मावशी बाजारातून आली आणि माझ्या दाराकडे न बघता आत गेली. मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग सगळ्या जगाचा. अशा वेळी मी मशीनवर बसते. चिंध्यांची टोपली समोर घेऊन मी एका बाळंतिणीच्या बाळासाठी दुपटं जोडायला घेतलं. तुकडे जोडता जोडता लक्षात आलं की मी उगाचच रडत बसले आहे. कापड कापलं म्हणून काय झालं? शिवता येतं की.

मी तशीच उठून गुरुजींकडे गेले. म्हटलं, मागच्या वेळी आपल्या प्रभागात माणसं किती निवडून आली? दोन. आता तीन प्रभाग, म्हणजे सहा. आधी पाइपसाठी दोघांच्या दारात जावं लागायचं. आता सहा जणांना आपल्याकडे यावं लागेल. एका तुकड्याच्या बळावर आपला माणूस निवडून येणार नाही हे खरं, पण थोड्याथोडक्या मतांनी निकाल लागतात तिथं आपल्या तुकड्याला टाळून तरी कोण निवडून येणार?

गुरुजी चष्मा पुसत राहिले. "पण तिन्ही तुकडे एका सुरात बोलले पाहिजेत," ते म्हणाले. "रेघ मारली तीच त्यासाठी."

"रेघ रस्त्यावर आहे, फोनवर नाही," मी म्हणाले. आजही हे वाक्य आठवलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटते.

त्यानंतर 'आपली वस्ती' ग्रुपला मी सासुरवास सुरू केला. पक्षाचं नाव नाही, जातीचं नाव नाही, सकाळची फुलं नाहीत, देवांचे फोटो नाहीत. बोलायचं एकाच गोष्टीवर, देवळापासून टेकाडापर्यंतचा पाइप. कुणी कुणाला मत द्यायचं ते मी एकदाही सांगितलं नाही. ज्याचं त्याचं मत. पण मत मागायला येणाऱ्याला विचारायचा प्रश्न मात्र तिन्ही प्रभागांत एकच. मग प्रत्येक घरानं मतदारयादीत ऑनलाइन आपापलं नाव शोधलं. बरीच नावं भलत्याच प्रभागात जाऊन पडली होती, ती मुदतीत दुरुस्त करून घेतली. मतदानाच्या दिवशी बोलावणं करण्यासाठी मी प्रभागवार तीन वेगळे ग्रुप काढले. नणंदेला तिन्ही ग्रुपमध्ये यायचं होतं. तिला म्हटलं, तू पुण्यातच बैस, तिथंही निवडणूक आहे.

उमेदवार यायला लागले. त्यांच्यासाठी वस्तीनं एक रीत ठरवली, कल्पना मावशीची. टेकाडावर यायचं तर हापशीवरून भरलेला हंडा घेऊन यायचं. आम्ही हार देणार नाही, चहा देऊ, पण चहाचं पाणी तुम्ही आणा. कुणाला गंमत वाटली, कुणाला अपमान. पण पहिला उमेदवार हंडा खांद्यावर घेऊन धापा टाकत चढतानाचा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि तिथून गावभर गेला, तेव्हा बाकीच्यांना पर्याय उरला नाही. अडला हरी, दुसरं काय! जो तो देवळापाशी गाडी लावून हापशीकडे वळायला लागला. वर पोचल्यावर मावशी पाणी गाळून चहा ठेवायची आणि गुरुजी एकच प्रश्न विचारायचे. उत्तर फोनवर टिपून तिन्ही ग्रुपवर टाकायचं. ज्याचं उत्तर गुळमुळीत, त्याला चहाही गुळमुळीत.

शेवटी भाऊ आले. आधी त्यांनी कार्यकर्ते पाठवून बघितलं, फोन करून बघितलं. मग एका सकाळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत स्वतः हंडा घेऊन चढले. अर्ध्या चढावर थांबले. शर्ट भिजला, पाणी डुचमळून विजारीवर आलं. मला वाटलं होतं आपल्याला मजा येईल. आलीही, पण फार वेळ नाही, कारण त्यांचाही श्वास मावशीसारखाच लागला होता.

"बाई," ते मला म्हणाले, "हे रोज करता?"

"तुमी मघा देवळापाशी गाडी लावली ना," मावशी मध्येच बोलली, "तठीच पाइप थांबला हाय भाऊ. तठूनच वर आनाचा हाय."

भाऊंनी कॅमेऱ्यासमोर शब्द दिला. त्या दिवसापर्यंत तिन्ही प्रभागांतल्या कुणाही उमेदवाराला 'नाही' म्हणायची सोय उरली नव्हती. म्हणजे निवडून कुणीही येवो, पाइपच निवडून येणार होता. फक्त एक गोष्ट हवी होती. टेकाडावरचं माणूस न् माणूस मतदानाला उतरलं पाहिजे. अर्धी वस्ती घरी बसली असती तर पुढची पाच वर्षं आमच्या शब्दाला कुणी विचारलं नसतं.

मतदानाच्या दिवशी मी मशीनवर कापड टाकून ते झाकून ठेवलं आणि चार्जर लावून भिंतीला टेकून बसले. या वेळी चूक करायची नव्हती. सकाळपासून घरटी एक बोलावणं. आधी खालच्या गल्लीला, मग रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, मग वरच्या ओळीला. ग्रुपवर आवाज टाकायचा आणि जे उठले नाहीत त्यांना स्वतंत्र फोन. "काकू, पानं मांडले, चाला." "भाऊजी, वावरात काऊन गेले आज? या बरं परत." "अवं, पोराले घेऊनच जा, तठी सावली हाय." शाईच्या बोटांचे फोटो येत राहिले. माझा नवरा अडत दुकानातल्या कामावरून दुपारी येऊन मत देऊन गेला, मला म्हणाला, तूही जाऊन ये. मी मानेनंच हो म्हटलं आणि पुढचा फोन लावला.

मावशीचं मतदान केंद्र आता हायवेपलीकडच्या शाळेत होतं आणि माझं बाजारातल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आमच्या वाटा वेगळ्या. सकाळी ती एकटीच चपला घालून निघाली, मी खिडकीतून बघितलं. तिनं मागे वळून माझ्या दाराकडे पाहिलं. मी फोनवर होते, हात हलवला. ती गेली.

ऊन कललं तरी मी फोनवरच होते. वरच्या ओळीतलं शेवटचं घर राहिलं होतं. तेही निघाल्याचा निरोप आला आणि मी डोळे मिटून मान मागे टाकली. घसा पार बसला होता. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

मावशी होती. धापा टाकत उंबऱ्याला धरून उभी.

"साऱ्या वस्तीले बोलावलं," ती म्हणाली, "तुले कोनं बोलावलं वं?"

मी माझ्या बोटाकडे बघितलं. कोरं होतं. मतदान संपायला थोडाच वेळ उरला होता.

"ऊठ. चाल."

"मावशी, तुझे गुडघे... मी जाते ना एकटी."

"मी सकाळी एकटीच गेली. बरं नाई वाटलं." मग पदरानं तोंड पुसत, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं ती म्हणाली, "पोरगा फोनवर म्हनते, ये. दर वेळी म्हनते. पेटी कवाची भरून ठेवली. न्याले कुठी आला?"

इतके महिने मला वाटत होतं की ती जाईल, पाण्यापायी जाईल, आपल्याला टाकून जाईल. ती बिचारी आवतण घेऊन, तयार होऊन, ओट्यावर बसून राहिली होती. मुलानं एकदाही दारात येऊन 'चल' म्हटलं नव्हतं.

आम्ही दोघी उतार उतरून गेलो. शाळेच्या फाटकाशी मोबाईल बाहेर ठेवायला सांगितला तेव्हा तो मी तिच्या हातात दिला. मत देऊन बाहेर आले तर ती मोबाईल तोंडासमोर धरून कुणालातरी दटावत होती, "नाई नाई, बाई आत गेली. तुमी मत देलं का नाई थे सांगा आंधी!" पलीकडून नणंद बोलत होती. तिनंही पुण्यात मत दिलं होतं म्हणे. मी मावशीला बोट दाखवलं, तिनं मला. परत येताना भजी खाल्ली, पोटभर.

निकालात भाऊ निवडून आले. आमच्या वस्तीत त्याचं कुणालाच फारसं दुःख झालं नाही, मलाही नाही. सहाच्या सहा जणांचा शब्द आमच्या फोनमध्ये होता, आणि तिन्ही प्रभागांत टेकाडावरची मतं नसती तर कोण कुठे असतं हे त्या सहाही जणांनी मोजलं होतं. देवळापाशी खोदकाम सुरू झालं तेव्हा मोठ्या दिमाखात पहिली कुदळ भाऊंनी मारली. मारू दे. रेघ अजून तिथंच आहे, तिच्याखालून आता पाइप गेला आहे.

पहिल्यांदा पाणी सोडलं ती सकाळ होती. मी मशीनवर बसले होते. आधी नळातून हवा फुसफुसली, मग समोरच्या घरात हंडा लावल्याचा आणि त्यात धार पडल्याचा आवाज आला. मला स्वच्छ ऐकू आलं. माझाही नळ मागच्या अंगणात खळखळायला लागला होता. तरी मी उठले नाही. पाय मशीनवर तसेच ठेवून दाराकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं मावशी रस्ता ओलांडून आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "चाल वं पोरी, पानी आलं."

मग मी उठले.